संकटात देवावर भरवसा: त्याच्यावर काय सोपवायचं, आपण काय करायचं

रविवारची उपासना संपली की अंगणात पाळकसाहेबांना गाठून विचारले जाणारे काही प्रश्न वर्षानुवर्षं तेच आहेत. “माझ्यावर खोटी तक्रार झाली आहे. वकील केला तर माझा विश्वास कमी पडला असं होईल का?” “घरी मारहाण होते. सगळे म्हणतात, सोस आणि प्रार्थना कर. किती दिवस?” “जमिनीचा दावा लागलाय. परमेश्वर माझ्या वतीने लढेल, मग मी तारखेला जायलाच हवं का?” “शुद्ध मनाने प्रार्थना केली, तरी निकाल विरुद्ध गेला. देवाने मला सोडलं का?”

असे प्रश्न विचारणाऱ्यांचा विश्वास कमी नसतो. देव आपला कैवारी आहे हे त्यांना ठाऊक असतं. पण तो बाजू घेतो तेव्हा आपण नेमकं काय करायचं, हे त्यांना कुणी नीट सांगितलेलं नसतं. म्हणून काही जण हातावर हात धरून बसतात आणि मुदत निघून जाते. काही जण सगळी धावपळ करतात, पण मनात अपराधीपण घेऊन. या दोन्ही त्रासांतून तुमची सुटका व्हावी, यासाठी हा लेख.

आधी थोडक्यात उत्तर

सूड, निकाल आणि आपला नावलौकिक देवाच्या हाती द्यायचा. खरं बोलणं, सावध राहणं आणि कायद्याने दिलेला मार्ग धरणं हे आपण करायचं. देवाचं काम आपण ओढून घेतलं की मन कडवट होतं. आपलं काम देवावर ढकललं की नुकसान होतं आणि त्याचा दोषही त्यालाच दिला जातो.

निर्गमच्या चौदाव्या अध्यायातलं चौदावं वचन पुष्कळांना तोंडपाठ असतं. समोर तांबडा समुद्र, मागे फारोचे रथ, आणि मोशे लोकांना शांत राहायला सांगतो, कारण लढणारा परमेश्वर आहे. पुढचं पंधरावं वचन मात्र क्वचितच कुणी म्हणतं. तिथे परमेश्वर मोशेला विचारतो की माझ्याकडे आक्रोश कशाला करतोस, लोकांना पुढे चालायला सांग. ही दोन्ही वचनं एकत्र वाचा. समुद्र दुभागणं हे देवाचं काम होतं, आणि त्यातून चालत जाणं लोकांचं.

पहिली पायरी: संकट कोणत्या प्रकारचं आहे ते ओळखा

प्रार्थना सुरू करण्याआधी स्वतःला प्रामाणिकपणे विचारा की हे संकट कुठून आलं. उत्तरावर पुढचा मार्ग ठरतो.

* आपल्याच चुकीमुळे आलेलं: घेतलेले पैसे परत केले नाहीत, खोटी सही केली, कुणाची बदनामी केली. अशा वेळी ‘विश्वासामुळे छळ होतोय’ असं म्हणू नका. चुकीचं वागून भोगलेलं दुःख आणि ख्रिस्ताच्या नावासाठी सोसलेलं दुःख यांत पेत्राच्या पहिल्या पत्राचा चौथा अध्याय स्पष्ट फरक करतो. इथे पहिलं पाऊल म्हणजे कबुली आणि भरपाई. देव इथेही सोबत असतो, पण तो आपल्या खोट्याचा वकील होत नाही.
* दुसऱ्याच्या अन्यायामुळे आलेलं: खोटी तक्रार, घरातला छळ, फसवणूक, बळकावलेली जागा. इथे प्रार्थना आणि कायदा दोन्ही हवेत.
* विश्वासामुळे आलेलं: प्रार्थनासभेत गोंधळ, धमक्या, गावात किंवा नात्यात वाळीत टाकणं. इथे संयम जास्त लागतो आणि एकट्याने निर्णय घेणं टाळायचं असतं.
* कुणाच्याही दोषामुळे न आलेलं: आजारपण, अपघात, नापिकी, अचानक गेलेली नोकरी. इथे ‘कोणतं पाप केलं असेल’ हा शोध थांबवा. ईयोबाच्या मित्रांनी तोच शोध घेतला आणि शेवटी देवाने त्यांनाच फटकारलं.

दुसरी पायरी: कागद परमेश्वरापुढे पसरा

यहूदाचा राजा हिज्कीया याची गोष्ट २ राजे १८ ते २० या तीन अध्यायांत आहे. ख्रिस्तपूर्व ७०१ च्या सुमारास अश्शूरचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला. तटबंदीची नगरं पडली आणि यरुशलेमच्या वेशीपाशी येऊन त्याच्या सरदाराने लोकांना भर चौकात ऐकू जाईल अशा आवाजात धमकावलं. नंतर एक पत्र आलं. तुझा देव तुला वाचवेल या भ्रमात राहू नकोस, असा त्याचा मतलब होता.

हिज्कीयाने ते पत्र फाडलं नाही किंवा लपवलं नाही. त्याने ते वाचलं, परमेश्वराच्या मंदिरात नेलं, तिथे उलगडून ठेवलं आणि प्रार्थना केली. त्या प्रार्थनेत तो शत्रूचं बळ नाकारत नाही. अश्शूरच्या राजांनी खरोखरच राष्ट्रं उद्ध्वस्त केली आहेत हे तो देवासमोर मान्य करतो आणि मग सुटका मागतो.

तुम्हीही हे शब्दशः करू शकता:

१. वकिलाची नोटीस, तक्रारीची प्रत, बँकेचं पत्र किंवा तपासणीचा अहवाल, जो कागद तुमची झोप उडवतो तो समोर टेबलावर ठेवा.
२. तो पूर्ण वाचा. पुष्कळ जण भीतीपोटी नोटीस उघडतच नाहीत आणि उत्तराची मुदत निघून जाते.
३. कशाची भीती वाटते ते देवाला नाव घेऊन सांगा. तुरुंगाची, बदनामीची, मुलीच्या लग्नाची, घर जाण्याची. गोल गोल प्रार्थना करू नका.
४. मग एका कागदावर दोन रकाने आखा. एकात ‘देवाच्या हाती’, दुसऱ्यात ‘माझ्या हाती’. न्यायाधीशाचं मन पहिल्या रकान्यात जाईल. तारखेला हजर राहणं दुसऱ्यात.
५. दुसऱ्या रकान्यातलं एक काम त्याच दिवशी करा.

शब्द सुचत नसतील तर स्तोत्रसंहिता उघडा. खोटा आरोप झाला असेल तर स्तोत्र ३५, न्याय मागायचा असेल तर ४३, जिवलगाने दगा दिला असेल तर ५५, भीती दाटली असेल तर ५६, आणि उत्तर लांबलं असेल तर १३. यांतल्या काही स्तोत्रांत राग आहे, कळकळ आहे, ‘कुठवर?’ असा सवाल आहे. तो राग देवापाशी ओता. तिथे त्याला जागा आहे. विरोधकाच्या दारात किंवा व्हॉट्सअ‍ॅपच्या स्टेटसवर तो ओतला की तुमचीच बाजू कमकुवत होते.

तिसरी पायरी: आपलं काम करा

हिज्कीयाने पत्र पसरण्याआधीच काय काय केलं होतं तेही पाहा. २ इतिहास ३२ सांगतो की त्याने पडका तट बांधून काढला, नगराबाहेरचे झरे बुजवले, ढाली आणि शस्त्रं तयार केली. गीहोन झऱ्याचं पाणी त्याने नगरात वळवलं. खडकातून खोदलेला त्या काळचा सुमारे ५३३ मीटर लांबीचा बोगदा यरुशलेममध्ये आजही पाहता येतो. दोन बाजूंनी खोदत आलेले कामगार आत एकमेकांना कसे भेटले हे सांगणारा शिलालेख तिथे १८८० मध्ये सापडला. प्रार्थना करणाऱ्या राजानेच पाण्याची सोय केली होती. पुढे तो मरणाच्या दारात पोहोचला तेव्हा देवाने त्याला पंधरा वर्षं वाढवून दिली, आणि त्याच प्रसंगी यशयाने त्याच्या गळवावर अंजिरांचं पोटीस बांधायला सांगितलं.

पवित्र शास्त्रात ही एकच गोष्ट नाही. नहेम्याच्या चौथ्या अध्यायात लोक प्रार्थना करतात आणि रात्रंदिवस पहाराही बसवतात. पौलाला फिलिप्पैत चौकशीविना फटके मारून तुरुंगात टाकलं. दुसऱ्या दिवशी गुपचूप सोडून द्यायची तयारी झाली, तेव्हा त्याने आपण रोमन नागरिक असल्याचं सांगून अधिकाऱ्यांना स्वतः यायला लावलं. पुढे यरुशलेमेत फटक्यांसाठी बांधलं जात असताना त्याने शताधिपतीला कायदा विचारला आणि शेवटी कैसराकडे दाद मागितली. प्रभू येशूला चौकशीत एका शिपायाने चापट मारली, तेव्हा त्यानेही शिवीगाळ न करता शांतपणे कारण विचारलं.

आपल्याकडचं उदाहरण पंडिता रमाबाईंचं. १८८९ साली मुंबईत सुरू होऊन नंतर पुण्यात आलेल्या त्यांच्या शारदा सदनावर १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून मोठं वादळ उठलं आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. बाई प्रार्थनेवर जगणाऱ्या होत्या. त्यांनी काम बंद केलं नाही, आणि गरज पडली तेव्हा जाहीरपणे बोलायलाही त्या कचरल्या नाहीत. १८९७ मध्ये प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत स्त्रियांचे जे हाल होत होते त्याविरुद्ध त्यांनी वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. खुद्द गव्हर्नरांनी त्यांचं म्हणणं खोडून काढायचा प्रयत्न केला, तरी त्या मागे हटल्या नाहीत. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुलींना आसरा मिळाला.

तुमच्या बाबतीत ‘आपलं काम’ म्हणजे साधारण हे:

* घडलेल्या गोष्टी तारीखवार लिहून काढा. काय झालं, कुठे झालं, कोण हजर होतं एवढंच लिहा. मतं लिहू नका.
* मेसेज, फोटो, पावत्या, दवाखान्याचे कागद जपून ठेवा. काहीही पुसून टाकू नका.
* वाचल्याशिवाय कुठेही सही करू नका. कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.
* नोटिशीला वेळेत उत्तर द्या. दिवाणी दाव्यात समन्स हातात पडल्यापासून साधारण ३० दिवसांत कैफियत दाखल करायची असते.
* अटकेची भीती असेल तर अटकपूर्व जामीन मागता येतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही.
* खोट्याला खोट्याने उत्तर देऊ नका. उलट खोटी तक्रार करण्याचा सल्ला कुणी दिला, तर त्या माणसापासून दूर राहा.

तुमचे हक्क माहीत असू द्या

पौलाने आपल्या नागरिकत्वाचा आधार घेतला. तुम्हालाही भारतीय नागरिक म्हणून पुढील आधार आहेत:

* एफआयआर: दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळाल्यावर गुन्हा नोंदवणं पोलिसांवर बंधनकारक आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्ये सांगितलं. आता लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार कोणत्याही ठाण्यात, हद्द न पाहता, माहिती देता येते आणि फिर्यादीला एफआयआरची प्रत मोफत मिळते. तीन ते सात वर्षांच्या आतली शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत पोलिसांना १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा आहे.
* नोंद नाकारली तर: पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार पाठवा. तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो.
* चौकशी: महिला, १५ वर्षांखालील मुलगे, ६० वर्षांवरचे पुरुष, अपंग आणि गंभीर आजारी व्यक्ती यांना साक्षीदार म्हणून जबाबासाठी ठाण्यात यायला भाग पाडता येत नाही.
* अटक: अटकेचं कारण समजणं, नातेवाइकाला कळवलं जाणं, वकिलाचा सल्ला मिळणं आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे हजर केलं जाणं हे तुमचे हक्क आहेत.
* मोफत वकील: १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली सर्व महिला, मुलं आणि कोठडीतल्या व्यक्ती यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळू शकतो; ठरावीक मर्यादेपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या इतरांनाही मिळतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा किंवा १५१०० वर फोन करा.
* घरातला छळ: २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली संरक्षण आदेश, राहण्याचा हक्क आणि खर्च मागता येतो. महिलांसाठी १८१, तातडीच्या मदतीसाठी ११२.
* उपासना: संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्म पाळण्याचा हक्क दिला आहे. कायदेशीरपणे चाललेल्या उपासनेत मुद्दाम अडथळा आणणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०० खाली गुन्हा आहे. जमाव आला तर वाद घालू नका. लेकरं आणि म्हातारी माणसं आधी सुरक्षित जागी न्या, ११२ ला फोन करा आणि नंतर लेखी तक्रार द्या.

वाद मंडळीतल्याच माणसाशी असेल तर

करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल भावाभावांनी एकमेकांना कोर्टात खेचण्याबद्दल खडसावतो. म्हणून उसनवारी, भागीदारी, भाऊहिस्सा अशा देण्याघेण्याच्या तंट्यात आधी समोरासमोर बोला, मग एक-दोन जाणत्यांना सोबत घ्या, मग मंडळीच्या वडिलांपुढे मांडा. समझोता झाला तर तो लेखी करा. मुदतीचा कायदा मात्र कुणासाठी थांबत नाही, तेव्हा बोलणी चालू असतानाच वकिलाला तारीख विचारून ठेवा.

पण हा अध्याय गुन्हा झाकण्यासाठी वापरू नका. मारहाण, लैंगिक अत्याचार, मंडळीच्या पैशांचा अपहार ही घरात मिटवण्याची प्रकरणं नाहीत. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणं २०१२ च्या पोक्सो कायद्याने सक्तीचं आहे. ‘मंडळीचं नाव खराब होईल’ असं कुणी म्हणालं, तर त्यांना सांगा की देवाने त्या लेकराची बाजू घेतली आहे आणि आपणही तीच घ्यायची आहे.

या चुका टाळा

* एक्क्याण्णवावं स्तोत्र ताइतासारखं वापरणं. मत्तयच्या चौथ्या अध्यायात हेच स्तोत्र सांगून सैतान येशूला मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाकायला सांगतो, आणि येशू नकार देतो. संरक्षणाचं वचन मुद्दाम धोका पत्करण्यासाठी दिलेलं नाही. धमकी आली असेल तर रात्री एकट्याने फिरू नका.
* औषध बंद करणं. अंजिरांच्या पोटीसाने हिज्कीयाचा विश्वास कमी झाला नाही. रक्तदाब, मधुमेह, फिट्स, नैराश्य यांच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नका. मन फारच खचलं असेल तर १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर मोफत बोलता येतं.
* भीतीपोटी पैसे चारणं. हिज्कीयानेही आधी हे करून पाहिलं. मंदिराच्या दारांवरचं सोनं काढून त्याने सन्हेरीबाला ३०० किक्कार चांदी आणि ३० किक्कार सोनं दिलं, तरी सैन्य आलंच. लाच दिली की मागणी वाढते आणि तुम्हीही गुन्ह्यात अडकता.
* ‘इतकं दान द्या, केस सुटेल’ असं सांगणाऱ्याच्या मागे जाणं. देवाचा न्याय विकत मिळत नाही.
* विरोधकाचं वाईट झालं की त्याला देवाचा दंड म्हणणं. त्याच्या घरी अपघात झाला तर भेटायला जा. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात सूड देवावर सोडायला सांगून पौल थांबत नाही, भुकेल्या शत्रूला जेवू घालायलाही सांगतो.
* मार सोसत राहण्याला सहनशीलता समजणं. दावीद शौलाच्या भाल्यापासून पळाला आणि संधी मिळूनही त्याने शौलावर हात टाकला नाही. सुरक्षित ठिकाणी जाणं आणि सूड न घेणं, दोन्ही एकाच विश्वासात बसतात.

निकाल मनासारखा लागला नाही तर

प्रेषितांची कृत्ये, अध्याय १२. हेरोद राजा योहानाचा भाऊ याकोब याला तरवारीने ठार करतो आणि पेत्राला तुरुंगात टाकतो. त्याच अध्यायात देवदूत पेत्राला बाहेर काढतो. याकोबावर देवाचं प्रेम कमी होतं असं शास्त्र कुठेही म्हणत नाही. इब्री लोकांस पत्राच्या अकराव्या अध्यायातही विश्वासाने तरवारीपासून वाचलेले आणि तरवारीने मारले गेलेले शेजारी शेजारी उभे आहेत. भट्टीपुढे उभ्या असलेल्या शद्रख, मेशख आणि अबेदनगो यांनीही राजाला सांगितलं की आमचा देव सोडवायला समर्थ आहे, आणि त्याने नाही सोडवलं तरी आम्ही मूर्तीपुढे वाकणार नाही.

तेव्हा देव रक्षण करतो याचा अर्थ प्रत्येक तारखेला आपणच जिंकू असा नाही. तो आपल्याला खोटं बनू देत नाही, एकटं टाकत नाही आणि शेवटचा शब्द अन्याय करणाऱ्याच्या हाती ठेवत नाही. निकाल विरुद्ध गेला तर अपिलाची मुदत त्याच दिवशी विचारून घ्या. अपील करायचं की थांबायचं हे घरच्यांशी आणि वकिलाशी बोलून ठरवा. लूकच्या अठराव्या अध्यायातली विधवा नाठाळ न्यायाधीशाकडे पुन्हा पुन्हा गेली, आणि प्रभूने तिचं उदाहरण खचून न जाता प्रार्थना करण्यासाठी दिलं. पुन्हा दाद मागणं म्हणजे अविश्वास नव्हे.

मंडळीने काय करावं

देव आपल्या लोकांची बाजू पुष्कळदा आपल्या लोकांकरवीच घेतो. पौलाला मारण्याचा कट त्याच्या भाच्याने वेळेत कळवला म्हणून उघड झाला. तुमच्या मंडळीत कुणी अडचणीत असेल तर ‘प्रार्थना करतो’ एवढ्यावर थांबू नका.

* पोलीस ठाण्यात किंवा कोर्टात दोघं जण सोबत जा. एकटी बाई बाकावर तासन्‌तास बसली आहे, असं होऊ देऊ नका.
* तारखेच्या दिवशी मुलांना शाळेतून आणा, डबा पोहोचवा, एक दिवसाची मजुरी बुडत असेल तर भरून द्या.
* मंडळीत वकील, परिचारिका, शिक्षक, निवृत्त कारकून असतील तर अर्ज लिहून देण्यासाठी त्यांची यादी करून ठेवा.
* प्रार्थनेसाठी सांगितलेली गोष्ट प्रार्थनेपुरतीच ठेवा. दुसऱ्याची अब्रू चर्चेचा विषय करू नका.
* काय चुकलं असेल याचा उलटतपास घेऊ नका.

आज तुमच्या घरात न उघडलेलं एखादं पाकीट असेल तर ते उघडा, टेबलावर ठेवा आणि त्यावर प्रार्थना करा. उद्या सकाळी मंडळीतल्या एका विश्वासू माणसाला सोबत घ्या आणि वकिलाकडे, दवाखान्यात किंवा विधी सेवा प्राधिकरणात, जिथे जायचं तिथे जा. देव तुमच्या बाजूने उभा आहे, म्हणून घाबरून लपायची गरज नाही आणि सूडाने पेटायचीही गरज नाही.